आबांच्या वह्या : प्रकल्प नोंदी

१९ जानेवारी २०२५

आजपासून सुरुवात. काय करायचंय ते आधी लिहून ठेवतो म्हणजे मध्येच फाटे फुटणार नाहीत (फुटणारच, पण तरी). आबा म्हणजे माझे आजोबा, मास्तर, गावात शाळेच्या पोरांचं बोर्डिंग चालवायचे. त्यांच्या वह्यांची ट्रंक, म्हणजे बोर्डिंगचे रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या), श्रमवह्या, पावतीबुकांच्या स्थळप्रती (आपल्याकडे राहणाऱ्या), थोडी पत्रं, हे सगळं स्कॅन करायचं, टाइप करायचं, जुने विद्यार्थी गाठून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि १ जूनच्या आत एक छोटंसं पुस्तक काढायचं. १ जून कारण आबांचा वाढदिवस. खरा नव्हे, दाखल्यावरचा. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जून, मास्तरांनी शाळेत नाव घालताना ठोकून दिलेला, आणि पुढे मास्तर झाल्यावर आबांनी तो किती पोरांना लावला असेल देव जाणे.

पुस्तकाचं नाव गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपने परस्पर ठरवून टाकलंय: 'आमच्या गावचे कर्मवीर' (कर्मवीर म्हणजे रयत शिक्षण संस्था काढणारे भाऊराव पाटील, सगळ्यांचे अण्णा). सत्तर अंगठे आले त्याला. मला ते तितकंसं पटलेलं नाही. सातारा जिल्ह्यात कुणी शाळेला दोन खोल्या बांधून दिल्या तरी त्याच्या साठीच्या फ्लेक्सवर 'प्रतिकर्मवीर' लागतं. आबा मला देवाच्या जागी आहेत, पण म्हणूनच हे नाव फुकटात नको. वह्यांमधून निघालं तर ठेवू, नाही निघालं तर ग्रुपवर भांडण करायची माझी तयारी आहे.

२ फेब्रुवारी

ट्रंक उघडली. वरच्या तीन-चार वह्यांची कसरीने चाळण केलीय, खालच्या शाबूत, कारण आबांनी मध्ये कडुलिंबाचा पाला घातलेला, त्याचा आता भुगा झालाय. लाल कापडी बांधणीच्या लांबड्या वह्या, किराणा दुकानात असायच्या तसल्या. आधी टाकाचं अक्षर, पुढे बॉलपेन. डावीकडे जमा, उजवीकडे नावे (म्हणजे खर्च), खाली शिल्लक, आणि शिल्लक जुळली की एक छोटी तिरकी रेघ. जिथे जुळली नाही तिथे रेघ नाही, आणि मग दुसऱ्या दिवशीच्या पानावर कोपऱ्यात बारीक अक्षरात '६ पैसे सापडले, मिठाचे'.

फोनच्या स्कॅनर ॲपने काम भागतंय. फ्लॅश बंद, टेबल खिडकीशी, सकाळी दहाच्या आत. काच ठेवली तर पान सपाट बसतं पण काचेत माझाच फोन दिसतो, म्हणून काच काढली आणि कडेला दोन वजनं ठेवली, तीपण आबांचीच, शेराची जुनी. ओसीआरला, म्हणजे फोटोतलं अक्षर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला, हे अक्षर झेपत नाही, जोंधळ्यांचा गोंधळ करून टाकतं, तेव्हा टायपिंग हातानेच. शीटचे रकाने: तारीख, कोणाकडून, काय, किती, कशासाठी, शेरा.

८ फेब्रुवारी

काकांना फोन केला, रेकॉर्डिंगला बसता का म्हणून. "तुझं चालू दे," म्हणाले आणि हवापाण्याचं बोलायला लागले.

१५ फेब्रुवारी

१९६३ ते १९७१ टाइप करून झालं आणि आता मला आबा जरा वेगळे दिसायला लागलेत.

आधी थोडी माहिती लिहून ठेवतो, पुस्तकातही लागेल. आमचं गाव खटाव तालुक्यात, पाऊस नावाला. वाड्या-वस्त्यांवर शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिकायचं तर गावात यावं लागायचं आणि राहायचं कुठं हा प्रश्न. आबांनी १९६३ ला मारुतीच्या देवळामागच्या धर्मशाळेत बोर्डिंग सुरू केलं. पोरं कधी पंधरा, कधी पंचवीस. ग्रांट नाही, संस्था नाही, रजिस्टर्ड काहीच नाही. मास्तरचा पगार आणि मागून आणलेलं.

तर हे मागून आणलेलं. लहानपणापासून ऐकलं होतं की आबा लोकांकडून मदत घ्यायचे, पण ते कसं घ्यायचे हे वहीत बघितल्याशिवाय कळत नाही. मार्च १९६६, एका लग्नात: 'नवरदेव १ रु., नवरीकडून १ रु., व्याही दोन्ही मिळून ५ रु., वाजंत्री ८ पैसे'. वाजंत्र्यांकडून! म्हणजे माणूस मांडवात उभा राहून एकेकाकडे हात करत गेला असणार आणि ताशेवाल्यापाशीही थांबला असणार. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, बैलबाजार असतो, तिथे बैल विकला की दलालाच्या आधी आबा हजर, 'खिलार जोड विकली, सबब २ रु.'. गावातल्या एका सावकाराने आबांच्याच भावकीवर दावा लावलेला होता, त्याच्याकडूनही आणलंय: 'जोंधळे २ मण (दावा चालू)'. कंसातलं आबांचंच. आणि माझं सगळ्यात आवडतं, पावती क्रमांक ११८, गावच्या न्हाव्याच्या नावे: 'रोख नाही. डोकी २२.' त्याने बोर्डिंगची बावीस पोरं फुकट भादरली आणि आबांनी त्याची रीतसर पावती फाडून दिली, सही करून, स्थळप्रत ठेवून.

गावात म्हण होती म्हणे, गुरुजी दिसले की खिसा धरा. रस्ता बदलायचे लोक. आबांना त्याचं काही वाटायचं नाही, ते त्या रस्त्याने जायचे.

इथे मला पहिल्यांदा कर्मवीर अण्णा आठवले, आणि फ्लेक्सवरचे नाही. भाऊराव पाटलांनी संस्था काढायच्या आधी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकलेत. गावोगाव फिरून. शेतकऱ्याला लाकडी नांगराची सवय, लोखंडाने जमीन नासते असा समज, आणि अशा माणसाच्या गळ्यात नांगर मारायचा, म्हणजे दिवसभर 'नाही' ऐकायचं आणि उद्या परत त्याच दारात जायचं. ओगल्यांच्या काच कारखान्यासाठीही त्यांनी हे फिरतीचं काम केलंय. माझा असा अंदाज की रयत शिक्षण संस्था या फिरतीतून उभी राहिली. कोणत्या गावात कोण पाटील, कोणाकडे धान्य आहे, कोण नाही म्हणून शेवटी देतो, हे त्यांना तोंडपाठ. आणि नकार अंगाला लागायचा बंद झालेला. आबांनी आयुष्यात काही विकलं नाही, त्यांच्यात हे आलं ते अण्णांच्या बोर्डिंगात राहून.

१ मार्च

पहिलं रेकॉर्डिंग. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, १९६८ ते ७१ बोर्डिंगात. फॅन बंद करायला लावला, घामाघूम झालो दोघं, पण आवाज स्वच्छ आलाय. त्यांचं जसंच्या तसं:

"माझा बाप तसा बरा व्हता, बागायत व्हती इहिरीवर. बाप गुरुजींना म्हनला, म्हयन्याला दहा रुपये देतो, पोराला पानी वढायला लावू नका, त्येला अभ्यास करू द्या. गुरुजींनी काय करावं? माझी पेटी उचलली आन् बापाच्या हातात दिली. म्हनलं, पैसं देनाऱ्याची पोरं हितं ऱ्हात न्हाईत, काम करनाऱ्याची ऱ्हात्यात. आठ दिस घरी व्हतो मी. मग बापानंच आनून सोडला. पुढं तीन वर्सं इहिरीवरनं पानी वढलं. हात बगा."

हात दाखवले, मी फोटो घेतला.

श्रमवही काढून पडताळलं. आहे. त्याचं नाव, समोर 'पाणी', पुढे 'झाडलोट', मध्ये आठ दिवस कोरे. श्रमवहीत प्रत्येक पोराचं रोजचं काम लिहिलेलं आहे, स्वयंपाक पाळीने, आणि पाळी जातीवर नाही तर हजेरीपटावर. महाराची, मांगाची, मराठ्याची, धनगराची पोरं एका ओळीत भाकरी थापतायत, १९६० च्या दशकात, खटाव तालुक्यात. एका वर्षी दोन घरांनी पोरं काढून नेली, शेऱ्यात फक्त 'भाकरीवरून गेले'. पुढच्या जूनला त्यातलं एक परत आलेलं दिसतंय. काही शेरा नाही.

९ मार्च

साताऱ्याला जाऊन आलो, अण्णांचे संदर्भ नीट जुळवायला. मुद्द्याचं तेवढं टिपतो.

भाऊराव पायगोंडा पाटील, जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज. कोल्हापूरला जैन बोर्डिंगात असताना अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले आणि त्यावरून बोर्डिंगातून बाहेर निघावं लागलं. मॅट्रिक नाही झाले. १९१९ ला कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था, १९२४ ला साताऱ्यात. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहणारं, एकत्र जेवणारं बोर्डिंग. १९२७ ला गांधीजी येऊन गेले, छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव तेव्हाचं. १९४० ला महाराजा सयाजीराव हायस्कूल, कमवा आणि शिका. ब्रीदवाक्य 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद', चिन्ह वटवृक्ष. १९५९ ला पद्मभूषण, पुणे विद्यापीठाची डी.लिट., आणि त्याच वर्षी ९ मे ला गेले.

आबा १९५० ला सयाजीराव हायस्कुलात दाखल झाले, मॅट्रिकपर्यंत तिथेच. म्हणजे अण्णा त्यांनी रोज बघितलेले, पांढरी दाढी, खादी, दांडगं अंग, काठी. आबा सांगायचे अण्णांची काठी लांबून ऐकू यायची आणि पोरं अंथरुणं गुंडाळायला लागायची. आबांच्या त्यावेळच्या घरखर्चाच्या वहीत १० मे १९५९ ला 'एसटी भाडे, सातारा जाणे-येणे' एवढं आहे. बाकी काही लिहायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

फरकही लिहून ठेवतो, नाहीतर पुस्तक आरतीसंग्रह होईल. अण्णांनी शेकडो शाळा काढल्या, आबांनी धर्मशाळेच्या दोन खोल्या चालवल्या, १९८८ ला हायस्कूलचं स्वतःचं होस्टेल झाल्यावर त्या बंदही केल्या. अण्णा सरकारशी भांडले, ग्रांट बंद होईपर्यंत भांडले. आबा भांडणारे नव्हेत, केंद्रप्रमुख आला तरी उभे राहायचे. अण्णांना हजारो लोकांपुढे बोलता यायचं, आबा माइक बघून घसा खाकरत बसायचे.

२२ मार्च

१९७२ ची वही. ही एकटी वही वेगळी छापली तरी चालेल.

दुष्काळाचं साल. जूनपासूनच जमेची बाजू आक्रसत जाते, धान्याचे आकडे मणांवरून पायलीवर, पायलीवरून शेरावर. गावात द्यायलाच कुणाकडे काही नाही. ऑगस्टात 'पोरे १४ घरी पाठविली', सप्टेंबरात त्यातली ९ परत, कारण घरी तर त्याहून नव्हतं. मग रेशनचा मिलो, तो लाल अमेरिकन जोंधळा, ज्याची भाकरी म्हणे चिखलासारखी व्हायची. दुष्काळी कामावर सुखडी (मजुरांना वाटायचा खाऊ) मिळायची, तर मोठी पोरं रविवारी खडी फोडायला गेलेली दिसतायत आणि मजुरी बोर्डिंगात जमा आहे, प्रत्येकाच्या नावाने वेगळी. आबा स्वतःही गेलेत. शाळेचा मास्तर खडी फोडायला! 'स्वतः, अर्धा दिवस'.

आणि १९ नोव्हेंबर, जमेच्या बाजूला: 'सौ. हिजकडून उसने, पाटल्या मोडून, रु. ३८०'. खाली तिरकी रेघ. शिल्लक जुळली.

मी टायपिंग थांबवून सगळ्या पुढच्या वह्या नावेच्या बाजूने चाळल्या. १९८८ पर्यंत. परतफेड कुठेही नाही. न्हाव्याच्या बावीस डोक्यांची पावती फाडणारा माणूस, सहा पैशाचं मीठ शोधणारा माणूस, आणि हे उसने तसंच उघडं राहिलंय सोळा वर्षं.

३० मार्च, पाडवा

आजीचं रेकॉर्डिंग. पुरणपोळ्या झाल्यावर निवांत बसली होती, फोन मांडीवरच ठेवला तिच्या. पाटल्यांचं पान मोठं करून दाखवलं. तिला वाचता येतं, बोर्डिंगातल्याच पोरांबरोबर शिकली ती.

मला वाटलं होतं ती म्हणेल मीच काढून दिल्या, ह्यांनी मागितल्या नव्हत्या वगैरे. असंच असतं ना अशा गोष्टींत. तर नाही.

"मागितल्या की. सरळ मागितल्या. चुलीपाशी यून म्हनलं, पाटल्या दे, पोरांना दोन म्हयनं निघंल. मी म्हनलं माझ्या आईच्या हायत. म्हनलं, व्हय, ठावं हाय. आन् हुबं ऱ्हायलं तितंच. न्हाई म्हनलं आस्तं तर दुसऱ्या दिशी परत आलं आस्तं, त्येंचा सोभावच तसा. मग काय, दिल्या काढून."

राग आला नाही का विचारलं.

"आला की. वरीसभर बोलले न्हाई नीट. पर पोरं जगली ना. आरं, त्येंनी समद्यांकडं मागितलं, माझ्याकडं मागितलं न्हाई आसतं तर मला परकी धरली आसं झालं आस्तं. पर परत द्याला पायजे व्हत्या, ह्ये बी लिव तू."

लिहिलं.

लक्ष्मीबाई पाटलांची गोष्ट साताऱ्यात सगळ्यांना माहीत असते. अण्णांच्या बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा त्यांनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. सोवळ्या-ओवळ्याच्या घरातून आलेल्या बाईने सगळ्या जातीच्या पोरांना पोटच्यासारखं सांभाळलं आणि १९३० मध्ये गेल्या, संस्थेचं पुढचं वैभव बघितलंच नाही. शाळेत हा धडा ऐकताना गळा दाटायचा. आजीसमोर बसून ऐकलं की वाटतं, त्या धड्यात लक्ष्मीबाईंना एकही वाक्य कसं नव्हतं? राग, नाराजी, काहीच? त्यांना कोणी विचारलं नाही आणि वही कोणी ठेवली नाही, म्हणून आपल्याला नुसता त्याग दिसतो. माझ्याकडे निदान आजी आहे आणि फोनमध्ये चाळीस मिनिटं आहेत.

६ एप्रिल

रात्री काकांचाच फोन. बाबांनी त्यांना पाटल्यांचं सांगितलेलं दिसलं. रेकॉर्ड करू का विचारलं तर म्हणाले, कर.

त्यांचं म्हणणं थोडक्यात: बाबा आणि काका दोघंही घर पन्नास पावलांवर असून बोर्डिंगात राहायचे, पोरांच्या ओळीत जेवायचे, सणालासुद्धा. हे काकांना मान्य होतं. पण १९७९ ला काकांना सांगलीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, फी आणि मेसचे पैसे नव्हते, आणि तोवर आबांचे जुने विद्यार्थी चांगल्या चांगल्या जागी होते, एक तर साताऱ्यात वकील. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तरी झालं असतं. आबांनी नाही टाकलं. "दुसऱ्याच्या पोरांसाठी वाजंत्र्यापुढं हात पसरला त्या माणसाने. माझ्यासाठी एका माणसाकडं मागितलं नाही." काका आयटीआय करून कारखान्यात लागले. चांगलं झालं सगळं, बंगला आहे, पण ते वाक्य पंचेचाळीस वर्षं तसंच ठेवलेलं होतं, बोलताना एकदाही अडखळले नाहीत.

आबांचं याच्यावर उत्तर काय असतं मला माहितीय, ते म्हणाले असते स्वतःच्या पोरासाठी मागितलं की ती भीक, आणि मग पुढच्या वेळी बोर्डिंगसाठी मागायला तोंड राहत नाही. हे बरोबर आहे. मला मनापासून बरोबर वाटतं, आणि आबांबद्दल मला जो आदर आहे त्याचं मूळ बहुतेक हेच आहे. काकांचंही बरोबर आहे.

२० एप्रिल

ग्रुपवर भांडण झालं. नाव 'आबांचा रोजमेळ' असं मी सुचवलं. अंगठे फक्त सहा. कर्मवीरांचं नाव काढतोस म्हणजे आबांना छोटं करतोस, असं एक जण. मी लिहिलं की काढत नाहीये, आत पूर्ण प्रकरण आहे त्याच्यावर. दोघांत जे खरोखर सारखं होतं तेच लिहिलंय, म्हणजे दुसऱ्याच्या पोरांसाठी कोणापुढेही हात पसरायला न लाजणं, आलेल्याचा दाण्यादाण्याचा हिशोब, फुकट कोणालाच नाही, आणि या सगळ्याची झळ आधी स्वतःच्या घराला. हे चौथं लोकांना नको होतं. पाटल्या ठेवा म्हणाले, त्याग दिसतो, पण 'परत द्यायला पाहिजे होत्या' हे काढा, आणि काकांचं तर पूर्णच काढा, घरातलं बाहेर कशाला.

काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "असू दे. माझं नाव घाल पण. आणि पान नंबर कळव."

मग ग्रुपवर शांतता. नाव माझं राहिलं.

४ मे

छापखान्यातून आलो. मजकूर ६४ पानांत बसवला होता, पण देणगीदारांची यादी पूर्ण द्यायची ठरल्यावर, म्हणजे नवरदेव, न्हावी, सावकार, वाजंत्री, सगळे, ते ८० पानांवर गेलं. सोळा पानांचा फॉर्म असतो, मध्ये कुठे थांबता येत नाही. यादी बारीक टायपात घ्या म्हणाले, पण वाचणारे सगळे सत्तरीचे. तेव्हा ८० पानं, ५०० प्रती, आणि माझ्याकडे ठेवलेल्या पैशांत एकोणीस हजार कमी.

यादीत आजीचं नाव कुठे घालायचं हा प्रश्न होता, कारण ती देणगी नाही, उसने आहे. वेगळा मथळा केला, 'देणे बाकी', त्याखाली एकटी तीच.

पैशांसाठी जुन्या विद्यार्थ्यांना फोन करायचे, नंबर तर सगळे शीटमध्ये आहेतच. दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवतोय. काय बोलायचं, सुरुवात कुठून करायची, लोकांना वाटेल रेकॉर्डिंग गोड बोलून केलं ते याच्यासाठी. आजी म्हणाली, "वाजंत्र्याकडनं आठ पैसं घेतलं तुझ्या आज्यानं, आन् तुला फोन कराया लाज?" पहिला कंडक्टरकाकांना लावला. मी अर्धं वाक्य बोललो असेन, ते म्हणाले दोन हजार धर, आणि पावती दे.

पावतीबुक नाहीये माझ्याकडे. उद्या सकाळी वडूजला जाऊन आधी ते आणायचं, स्थळप्रतीवालं.